आधी ओल, मग रंग

घरासाठी हातात तीस-चाळीस हजार रुपये आहेत, तेवढ्यात घर नवं दिसायला हवं, अशा हिशेबाने माणूस बाजारात उतरला की त्याला सगळ्यात आधी भेटतो पीव्हीसी पॅनेलवाला. मग वॉलपेपरवाला, मग बाल्कनीत अंथरायचं खोटं गवत विकणारा. तिघांचाही माल एका दिवसात बसवून होतो आणि फोटोत झकास दिसतो. भिंतीला हात लावून मात्र तिघांपैकी कुणी पाहत नाही. भिंत ओली असेल तर पॅनेलमागे ती ओलीच राहते. दिसायची बंद होते एवढंच. एक-दोन पावसाळ्यांनी खोलीत कोंदट वास यायला लागतो, तेव्हा पॅनेलचे पैसे गेलेले असतात आणि गळतीचं काम होतं तिथेच असतं.

स्वस्तात घर पालटण्याचा सगळा प्रश्न माझ्या मते इथे अडकला आहे. युक्त्या ढिगाने मिळतात. दिवाळीच्या पुरवण्यांत मिळतात, मोबाइलवर मिळतात, शेजारणीकडे मिळतात. पण त्या कोणत्या क्रमाने करायच्या हे कुणी सांगत नाही, कारण क्रमातली पहिली दोन-तीन कामं विकण्याजोगी नाहीत. सामान कमी करणं, पाणी अडवणं, दिव्याची जागा बदलणं यात दुकानदाराला काही सुटत नाही. थोड्या पैशांत जी घरं खरोखर बदललेली दिसतात, तिथे खर्च या न विकल्या जाणाऱ्या टोकापासून सुरू झालेला असतो.

सामानाबद्दल फार बोलायला नको, कारण हे काम सगळ्यांना माहीत असतं आणि कुणालाच करायचं नसतं. माळ्यावरची लग्नातली भांडी, काचेच्या शोकेसमधला कुणाच्याही ओठाला न लागलेला टी-सेट, खिडकी अर्धी झाकणारं कपाट. पूर्वी जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण दारावर यायची आणि वर्षातून दोनदा तरी घराचा भार हलका व्हायचा. आता ऑनलाइन विक्री आहे, भंगारवाला आहे, पण दारावर येऊन तगादा लावणारं कुणी नाही. दोन खोल्यांच्या घरात एक शोकेस काढलं की जी भिंत मोकळी होते, तिचा दर सध्याच्या चौरस फुटाच्या भावाने काढून पाहावा. कुठलीही सजावट तेवढ्या किमतीची नसते.

आता ओलीकडे. महाराष्ट्रात, विशेषतः सह्याद्रीच्या पश्चिमेला, घराचं रूप पाऊस ठरवतो. रंग उडतो, पोपडे धरतात, भिंतीच्या पायथ्याशी पांढरा लोणा फुलतो, आणि दर दोन वर्षांनी माणूस रंगाऱ्याला बोलावतो. रंगारी पोपडे खरवडतो, लांबी (पुट्टी) भरतो, रंगाचे दोन हात देतो. पुढच्या ऑगस्टमध्ये डाग त्याच आकाराचा, त्याच जागी. म्हणजे दर दोन वर्षांनी जाणारा पैसा रंगावर जात नाही, गळतीवर जातो.

ओल कुठून येते हे शोधायला तज्ज्ञाची फी लागत नाही, थोडं लक्ष लागतं. डाग पावसाळ्यातच वाढत असेल तर गच्ची, बाहेरच्या भिंतीच्या चिरा, छज्जा नाहीतर खिडकीची चौकट. बारा महिने सारखाच असेल तर नळाची जोडणी किंवा वरच्या मजल्यावरची मोरी. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच असेल तर पाणी पायातून वर चढतंय. आणि कपाटामागे, कोपऱ्यात, नुसती काळी बुरशी असेल तर पुष्कळदा गळती नसतेच. खोलीत हवा फिरत नाही, एवढंच कारण. एक सोपी कसोटी आहे. प्लॅस्टिकचा जाड तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावून एक-दोन दिवस ठेवायचा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय, खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतून. पहिल्या प्रकाराला गवंडी लागतो, दुसऱ्याला कपाट चार बोटं पुढे ओढून खिडकी उघडली तरी पुरतं.

मोरीची गळती पुष्कळदा फरशांच्या सांध्यांतली असते. जुनं पांढरं सिमेंट निघून गेलेलं असतं आणि तिथून रोज बादलीभर पाणी खाली झिरपतं. सांधे कोरून त्यात चांगलं ग्राउट भरणं हे सगळी मोरी फोडून नवी करण्याच्या खर्चाच्या अगदी थोड्या अंशात होतं. सगळ्यांचं त्याने भागेल असं नाही, पण फोडाफोडीच्या आधी हे करून पाहावं. सोसायटीत राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामायिक नळांची गळती दुरुस्त करणं संस्थेच्या खर्चात येतं. सदनिकेच्या आतल्या संडास-मोरीची गळती ज्याच्या त्याच्या खर्चात. वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंशी बोलणं बंद करण्याआधी पाणी नक्की कुठलं, हे ठरवलेलं बरं.

गावाकडच्या मातीच्या किंवा दगडमातीच्या घरांचं गणित निराळं आहे, आणि तिथे स्वस्तातल्या मेकओव्हरने सर्वाधिक नुकसान केलं आहे. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. तिला बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि आतून ऑइलपेंट दिला की घेतलेली ओल सोडायला वाट उरत नाही. गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो, आतली माती भुसभुशीत होते. अशा भिंतीला चुनाच मानवतो. कळीचा चुना भिजवून, गाळून, त्यात थोडी नीळ आणि चिकटण्यासाठी सरस किंवा डिंक घालून दोन-तीन हात मारायचे, ही आजोबांच्या पिढीची दसऱ्याची रीत होती. चुना अल्कधर्मी असल्यामुळे त्यावर बुरशी सहज धरत नाही. अंगाला लागतो, हे खरं. टेकून बसण्याच्या उंचीपर्यंत गेरूचा पट्टा ओढण्याची पद्धत होती, ती दिसायलाही देखणी होती आणि मळ झाकायलाही कामाची होती.

लॉरी बेकर या इंग्लंडात जन्मलेल्या आणि केरळात स्थायिक झालेल्या वास्तुरचनाकाराने (1917 ते 2007) आयुष्यभर स्वस्त घरं बांधली. मुंबईत गांधीजींची भेट झाली तेव्हा पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या साहित्यातून घर उभं राहावं, हा विचार आपल्याला मिळाला असं ते सांगत. गिलावा न करता वीट तशीच उघडी ठेवणं, मोडक्या इमारतींतली दारं-खिडक्या पुन्हा वापरणं हे त्यांचं नेहमीचं. आपल्याकडे त्यांचं नाव घेणारे पुष्कळ. पण कोकणात जांभ्याची सुंदर भिंत गिलावा करून झाकायची आणि नंतर तिच्यावर दगडासारखी दिसणारी टाइल चिकटवायची, हे काम करून घेणारे त्याहून पुष्कळ आहेत. जांभा नुसता घासून, सांधे नीट भरून, उघडा ठेवला तर पैसे वाचतात आणि घर कोकणातलं दिसतं.

रंगाच्या दुकानात शिरल्यावर गोंधळ होतो तो नावांमुळे. डिस्टेंपर, इमल्शन, लस्टर, प्लॅस्टिक पेंट, शिवाय दर वर्षी नवं ‘रॉयल’ काहीतरी. थोडक्यात सांगायचं तर महाग रंगाचे पैसे पुसता येण्याचे असतात. जिथे हात लागतो तिथे ते वसूल होतात. छताला कुणी हात लावत नाही. तिथे पांढरा डिस्टेंपर भरपूर झाला. मुलांच्या खोलीत आणि जेवायच्या जागेजवळ धुता येणारं इमल्शन घ्यावं. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने जानेवारी 2021 मध्ये शेणापासून केलेला ‘प्राकृतिक पेंट’ आणला. त्या वेळी त्याच्या डिस्टेंपरचा भाव लिटरला 120 रुपये आणि इमल्शनचा 225 रुपये जाहीर झाला होता. शेणाने सारवलेल्या भिंतींतून सुटण्यासाठी धडपडलेल्या पिढीला त्याच शेणाचा डबा विकत आणताना काय वाटलं असेल, हा वेगळा विषय.

खरी बचत मापात आहे. रंगारी भाव सांगतो चौरस फुटाला, आणि भिंतींचं माप बहुतेक वेळा तोच सांगतो. ढोबळ हिशेब असा की चटईक्षेत्राच्या साधारण साडेतीन पट रंगवायचं क्षेत्र निघतं, छतासकट. दहा बाय बाराची खोली आणि नऊ फूट उंची धरली तर चार भिंतींचे 396 चौरस फूट, छताचे 120; त्यातून दार-खिडक्या वजा केल्या की 460च्या आसपास. टेप घेऊन स्वतः मोजायला अर्धा तास लागतो. भाव ठरवताना मजुरी आणि सामान वेगळं ठेवावं, लांबीचे किती हात, प्रायमर आहे की नाही, जुना रंग खरवडायचा की त्यावरच मारायचा, हे कागदावर लिहून घ्यावं. ‘सगळं मिळून देतो बघा’ या वाक्यात प्रायमर नेहमी हरवतो.

एका बाबतीत मात्र सावध राहायला हवं. घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण 90 पीपीएमपेक्षा जास्त नसावं असा नियम आपल्याकडे 2016 साली झाला आणि 2017च्या अखेरीस लागू झाला. त्याआधीच्या दारं-खिडक्यांवरच्या, गजांवरच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरच्या घरी ‘डीआयवाय’ म्हणून हे जुने थर कोरडेच पॉलिशपेपरने घासले की ती पूड घरभर होते, आणि लहान मुलांना तिचा अपाय सर्वांत जास्त. पाणी लावून ओलंच घासावं, खोलीत मुलं नसावीत, ओल्या फडक्याने सगळं पुसून काढावं. जमणार नसेल तर थर घट्ट असेल तिथे तो तसाच ठेवून वर नवा हात द्यावा.

भिंत कोरडी आणि उजळ झाली की दिव्याकडे वळता येतं. मराठी मध्यमवर्गीय घरात छताच्या मधोमध एक पांढरी ट्यूब, हा प्रकाशाचा सबंध विचार असतो. त्या प्रकाशात सगळ्यांचे चेहरे आजारी दिसतात. 2015 साली केंद्र सरकारची उजाला योजना आली आणि एलईडी दिवे झपाट्याने स्वस्त झाले. 60 वॉटच्या जुन्या गोळ्याचं काम आता 9 वॉटचा दिवा करतो. खोक्यावर 6500 के लिहिलेलं असेल तर तो निळसर पांढरा, 2700 किंवा 3000 के असेल तर पिवळसर उबदार. ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर पांढरा, बसण्या-झोपण्याच्या जागी पिवळा, आणि तोही छतावर न लावता भिंतीवर किंवा कोपऱ्यातल्या स्टँडवर. मुंबईत लोहार चाळीत फेरी मारली तर फॅन्सी दुकानात महाग मिळणारे होल्डर आणि शेड पुष्कळ कमीत मिळतात. ज्या खर्चात एक झुंबर येतं, त्यात चार खोल्यांचा प्रकाश बदलतो. झुंबराची धूळ पुसायची कुणी, हा प्रश्नही सुटतो.

पंख्याचं पाहा. जुना साधा पंखा 75 वॉटच्या आसपास वीज खातो, बीएलडीसी पंखा 30च्या आसपास. दिवसाला दहा तास, वर्षाला तीनशे दिवस चालवला तर 135 युनिटांचा फरक. युनिटला आठ रुपये धरले तर हजारावर रुपये, दर वर्षी, दर पंख्यामागे. विदर्भ-मराठवाड्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी एसीचा विचार करण्याआधी गच्चीला पांढरा चुना मारून पाहावा. अहमदाबादेत गरीब वस्त्यांच्या छपरांवर हा प्रयोग महापालिकेने मोठ्या प्रमाणावर केला आहे. ऊन परतवलं जातं आणि खालची खोली काही अंशांनी थंड राहते. खिडकीचा पडदाही आतून लावण्यापेक्षा बांबूची चिक बाहेरून सोडली तर ऊन काचेपर्यंत पोचतच नाही. नागपुराकडच्या वाळ्याच्या ताट्यांमागचं तत्त्व याहून निराळं नव्हतं, त्यात गारव्याला सुगंधाची जोड होती.

फरशी हा खर्चिक विषय, आणि इथे सर्वांत मोठी उधळपट्टी होते. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या इमारतींत मोझॅक फरशी आहे, त्याआधीच्या काही घरांत सिमेंटच्या नक्षीदार टाइल आहेत. मुंबईची भारत टाइल्स ही कंपनी 1922 पासून त्या बनवते आहे. अशा इमारतीत घर घेतलं की लोक या फरशीवरच व्हिट्रिफाइड टाइल बसवतात. मग जमीन जवळजवळ इंचभर वर येते, सगळी दारं खालून कापावी लागतात, मोरीचा उंबरा बुडतो आणि पाणी बाहेर यायला लागतं. मोझॅकला मशीनने घासून पॉलिश केलं तर ती पुन्हा पंधरा-वीस वर्षं चमकते, खर्च नव्या फरशीच्या मानाने किरकोळ. दोन दिवस चिखल सहन करावा लागतो. शहाबादी आणि कोट्याचंही तसंच. शहाबादीला तर लोक गरिबीची खूण समजून झाकतात, आणि तेच लोक हॉटेलात तीच करडी फरशी पाहून फोटो काढतात.

स्वयंपाकघरात कडप्प्याच्या कप्प्यांना नुसती ॲल्युमिनियमच्या चौकटीची झाकणं आणि खालच्या दोन कप्प्यांत ट्रॉल्या, एवढ्याने मॉड्यूलर किचनचं बरंचसं काम भागतं. पार्टिकल बोर्डाचं स्वस्त तयार किचन मुंबई-कोकणाच्या हवेत कडांकडून फुगतं, आणि त्याची सुरुवात नेहमी सिंकखालून होते. तिथे प्लायवुडच वापरायचं तर आयएस 710चा शिक्का पाहून घ्यावा. नाहीतर सिंकखाली काहीच करू नये, उघडं ठेवावं. गळती लगेच दिसते.

जुन्या सामानाच्या बाजाराबद्दल मला वाटणारा उत्साह मी लपवणार नाही. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत मटण स्ट्रीटवरचा चोर बाजार, जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार, पुण्याच्या भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. वाडे पडताहेत आणि त्यांतलं सागवान बाहेर येतं आहे. शंभर वर्षं वाळलेलं लाकूड आता वाकत नाही. अशा एका जुन्या दाराचं जेवणाचं टेबल होतं, चौकटीचा आरसा होतो, तुळईची बाकं होतात. मात्र लाकूड ठोकून पाहावं. पोकळ आवाज, बारीक भोकं आणि खाली पिठासारखी पूड असेल तर वाळवी किंवा भुंगा आहे, असलं लाकूड कितीही देखणं असलं तरी घरात आणू नये. लाकूड आणि लोखंड जुनं घ्यावं, कापूस आणि फोम कधीच नाही, कारण त्याच्याबरोबर ढेकूण फुकट येतात. घरातलंच गोदरेजचं कपाट गॅरेजमधून रंगवून आणलं तर नव्या वॉर्डरोबची गरज पुष्कळदा उरत नाही. वेताच्या खुर्च्या पुन्हा विणून देणारे कारागीर अजून आहेत. आईच्या इरकलींचे आणि खणांचे पडदे-अभ्रे, सोलापुरी चादर दिवाणावर, इचलकरंजीचं सुती कापड ताग्याने आणून सगळ्या घराला एकसारखे पडदे. हे सगळं एव्हाना सर्वांना ठाऊक आहे.

‘टाकाऊतून टिकाऊ’ या प्रकाराला मात्र माझा अर्धाच पाठिंबा आहे. रंगवलेल्या बाटल्या, आइस्क्रीमच्या काड्यांचे दिवे, सीडींची तोरणं यांतलं बहुतेक सहा महिन्यांत धूळ खाऊन पुन्हा टाकाऊ होतं. रंगाची वीस लिटरची रिकामी बादली हा सन्माननीय अपवाद. तळाजवळ बाजूला दोन भोकं पाडली की तिच्यात टोमॅटोचं झाड सुखाने वाढतं.

बागेचं असं आहे की ती सुंदर होते की नाही यापेक्षा ती घर ओलं करते की नाही हे आधी पाहायला हवं. भिंतीला टांगलेल्या कप्प्यांची उभी बाग फोटोत अप्रतिम दिसते; रोज घातलेलं पाणी भिंतीवरून ओघळतं आणि पलीकडच्या खोलीत डाग उमटतो. खोट्या गवताखाली बाल्कनीत पाणी साचून राहतं, उन्हात ते गवत तापतं, आणि बाल्कनीचं पाणी जायचं भोक झाकलं जातं. कुंड्या विटेवर किंवा लोखंडी घोडीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवाव्यात. कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून ती कोरडी करावी. डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाटचाल आठ-दहा दिवसांची असते. आरोग्य खात्याचा ‘कोरडा दिवस’ त्याच हिशेबावर आहे. कठड्यावर सुटी कुंडी ठेवू नये, हे रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या वतीने.

गच्चीवर बाग करणाऱ्यांनी वजनाचा हिशेब आधी करावा. ओल्या मातीचा फूटभर थर चौरस मीटरला 500 किलोच्या आसपास भरतो. माणसं वावरणाऱ्या गच्चीचं गणित भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला सुमारे 150 किलो चल भार धरून केलेलं असतं. माती कमी, हलकं भरण जास्त, हाच उपाय आहे, आणि तो मुंबईतच फार पूर्वी घडवला गेला. डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर पिशव्या आणि पिंपांत उसाची चिपाडं, पालापाचोळा आणि जरासं खत-माती भरून भाज्या-फळं घेतली आणि ती पद्धत अनेकांना शिकवली. या शतकाच्या सुरुवातीला मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी त्याच स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. तिकडे कोल्हापुरात श्री. अ. दाभोळकरांचा प्रयोग परिवार सामान्य माणसाला थोड्या जागेत, मोजून-मापून, पानांच्या क्षेत्रफळाचा हिशेब ठेवून पीक घ्यायला शिकवत होता. चिपाडं रसवंतीवाला अजूनही फुकट देतो. सुका पाला सोसायटीचा माळी रोज जाळतो. पुण्यात ‘ब्राउन लीफ’ या उपक्रमाने पाला असणारे आणि पाला हवा असणारे यांची गाठ घालून दिली. विकतची ‘पॉटिंग मिक्स’ची पिशवी यांच्यापुढे चैनच आहे.

भाजीचा खर्च बाल्कनीतून वाचत नाही, हे मोकळेपणाने सांगायला हवं. वाचतो तो जुडीचा. कढीपत्ता, पुदिना, गवती चहा, ओव्याची पानं, मिरच्या. म्हणजे ज्या गोष्टी दोन काड्या लागतात आणि जुडीभर घ्याव्या लागतात. टोमॅटो-वांग्याला रोज पाच-सहा तास ऊन हवं. उत्तरेकडच्या बाल्कनीत ते वर्षातून फार थोडे दिवस येतं. मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि त्यातले निम्म्याहून अधिक दिवस ढगांत जातात. तिथे अळू, मनीप्लांट आणि नेचे लावून मोकळं व्हावं. रोपं विकत घ्यायचीच तर दापोली, राहुरी किंवा पुण्याच्या गणेशखिंड बागेसारख्या कृषी विद्यापीठांच्या रोपवाटिकांतून घ्यावीत. जात खात्रीची असते. पुण्यात एम्प्रेस गार्डनचं जानेवारीतलं आणि मुंबईत राणीच्या बागेतलं प्रदर्शन डोळे भरून पाहावं, पण तिथे ऐन बहरातली कुंडी घेऊ नये. तिचं बहुतेक आयुष्य ती जगून आलेली असते. जास्वंद, मोगरा, अबोली, सदाफुली शेजाऱ्यांकडून. पावसाळ्यात फांदी खोचली की लागते, आणि मागितलेल्या फांदीला कुणी नाही म्हणत नाही.

ज्यांना अंगण आहे त्यांनी सरसकट कोबा किंवा पेव्हर ब्लॉक टाकण्याचा मोह आवरावा. कोबा तापतो, पाणी मुरू देत नाही, आणि त्याचा उतार घराकडे गेला तर तेच पाणी जोत्यातून भिंतीत चढतं. फुलझाडांचा वाफा भिंतीला टेकवून माती जोत्याच्या वर नेली तरी परिणाम तोच. जुन्या शहाबादीचे तुकडे किंवा जांभ्याचे चिरे वाळूत, मध्ये बोटभर फट ठेवून, फक्त चालण्याच्या वाटेपुरते मांडले की खर्च निम्म्याने उतरतो. मोरीच्या पाण्याच्या तोंडाशी केळ आणि अळू लावायची कोकणातली रीत म्हणजे सांडपाण्याची फुकट व्यवस्था आहे. डिटर्जंटचा मारा कमी असेल तर ती आजही चालते.

एक मोठा वर्ग असा आहे ज्याला यातलं बरंचसं ऐकून उपयोग नाही: अकरा महिन्यांच्या करारावर राहणारे भाडेकरू, आणि पुनर्विकासाच्या वाटेवर असलेल्या इमारतींतले मालक. भिंतीला खिळा ठोकला तर डिपॉझिट कापलं जातं, आणि पुनर्विकासात कडप्पा, फरशी, लांबी सगळंच पाडकामाच्या ढिगाऱ्यात जातं. यांच्यासाठी कसोटी एकच: टेंपोत चढतं का? दिवे, पंखे, पडदे, सागवानी टेबल, बादल्यांतली झाडं चढतात. फॉल्स सीलिंग चढत नाही. पुनर्विकासाच्या सभा सुरू झालेल्या इमारतीत नवं किचन करून घेणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ‘अजून दहा वर्षं काही होत नाही’ हा त्यांचा युक्तिवाद दुर्दैवाने खोटाही ठरलेला नाही.

शेवटी वेळेचं. सगळा महाराष्ट्र दिवाळीच्या आधी रंगकाम काढतो, म्हणून तेव्हा रंगारी मिळत नाही, मिळाला तर भाव चढा आणि हात घाईचा. शिवाय पावसाचं पाणी प्यालेली भिंत ऑक्टोबरात पुरती सुकलेली नसते, तिच्यावरच लांबी चढते. गच्ची, छज्जे आणि मोरीचे सांधे एप्रिल-मे मध्ये करून घ्यावेत, म्हणजे काम बरं झालं की नाही हे जून-जुलैमध्ये पाऊसच दाखवतो. त्याच पावसात फांद्या खोचाव्यात. दिवाळीला घर झाडावं, सामान कमी करावं, दिवे बदलावेत. रंगाऱ्याला बोलवावं जानेवारीत, भिंत कोरडी असते आणि तोही रिकामा असतो.